पोलादाचा दाखला

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतून स्टेनलेस स्टीलच्या सळ्या किंवा तारेच्या कॉइल घेऊन ट्रेलर बंदराकडे निघतो, तेव्हा मालाबरोबर त्याचा दाखलाही निघतो. कारखान्यात त्याला टेस्ट सर्टिफिकेट म्हणतात. माल कोणत्या घाण्यातून ओतला त्याचा हीट नंबर, कार्बन किती, क्रोमियम किती, निकेल किती, किती ताण दिल्यावर तुटतो, कठीणपणा किती, हे सगळे त्या कागदावर असते. युरोपात जाणाऱ्या मालाला ईएन 10204 हे मानक लागते आणि त्यातल्या 3.1 प्रकारच्या दाखल्यावर उत्पादन विभागाच्या हाताखाली नसलेल्या तपासनिसाची सही लागते. सही नसेल तर माल फाटकाबाहेर पडत नाही. पाम, टेंभी, कोलवडे, सालवड, पास्थळ या गावांतून रोज पाळीवर जाणाऱ्या कितीतरी माणसांना हे तोंडपाठ आहे. त्यांतलाच कोणी संध्याकाळी बोईसरच्या बाजारात घरासाठी एक पकड, एक विळी, एक स्क्रूड्रायव्हर घेतो. त्या वस्तूवर हीट नंबर नसतो, धातूचे नाव नसते, बहुतेकदा बनवणाऱ्याचेही नसते. तीन आठवड्यांत पकडीचा जबडा सरकतो, विळीचे पाते दुमडते, स्क्रूड्रायव्हरचे टोक पिळवटते. घरातली माणसे म्हणतात, स्वस्तातले आणले, मग असेच होणार. दोष देण्याची ही सवय मुळातच चुकीची आहे, असे माझे म्हणणे आहे. घरगुती हत्यारे वाईट निघतात याचे मुख्य कारण गिऱ्हाइकाचा चिक्कूपणा हे नव्हे. एक कारखाना दुसऱ्या कारखान्याकडून जी माहिती हक्काने मागून घेतो, ती घरच्या गिऱ्हाइकाला कोणी देत नाही आणि ती देण्याची सक्तीही कोणावर नाही, हे ते कारण आहे.

हत्यार मोडते म्हणजे नेमके काय होते, हे आधी पाहू. लोखंडात कार्बन पुरेसा असेल तरच ते तापवून विझवल्यावर कठीण होते. बांधकामाच्या साध्या लोखंडात कार्बन पाव टक्क्याहूनही कमी असतो. त्याचा कोयता केला तर त्याला कितीही पाणी द्या, धार टिकणार नाही. कोयत्याला, पटाशीला, पकडीच्या कापणाऱ्या ओठांना निदान अर्धा टक्का कार्बनचे पोलाद लागते. ते लालभडक तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवले की काचेसारखे कठीण पण ठिसूळ होते. मग पुन्हा थोडे तापवून त्याचा ठिसूळपणा घालवावा लागतो. स्वस्त मालात कात्री लागते ती याच दोन पायऱ्यांना, कारण त्या डोळ्यांना दिसत नाहीत. पहिली पायरी गाळली तर हत्यार वाकते. दुसरी गाळली तर ते कडकन तुटते, आणि हातोडीच्या तोंडाचा किंवा छिन्नीच्या डोक्याचा टवका उडून डोळ्यात जातो. घडीव पकड घणाखाली साच्यात ठोकून काढतात, त्यामुळे धातू आतून घट्ट राहतो. ओतीव पकडीत आत पोकळ्या राहू शकतात. वरून दोघींना सारखीच चकाकी देता येते. नरम लोखंडावर क्रोमचा पातळ मुलामा चढवला की दुकानाच्या दिव्याखाली ती वस्तू चांगल्या हत्याराहूनही चांगली दिसते. सातपाटीपासून डहाणूपर्यंतच्या किनारपट्टीत तो मुलामा फार टिकत नाही. खाऱ्या हवेत त्याला बारीक छिद्रे पडतात आणि खालून गंज वर येतो. शिवाय वाईट हत्याराचा खर्च हत्याराच्या किमतीवर थांबत नाही. टोक नरम असलेला स्क्रूड्रायव्हर स्वतः जातो आणि स्क्रूची खाच खाऊन टाकतो, मग तो स्क्रू ड्रिलने उपटावा लागतो. बसका पाना नळाच्या नटाचे कोपरे गोल करतो आणि अख्खा नळ बदलण्याची पाळी येते. मोडलेली वस्तू फेकून देता येते. तिने बिघडवलेली वस्तू घरातच राहते.

आता कोणी म्हणेल, गिऱ्हाइकाने पारखून घ्यावे. पारखणार कशाने? स्टेनलेसचे उदाहरण घ्या. चांगले स्टेनलेस ओळखायला लोहचुंबक लावून पाहावे, चिकटले नाही तर माल अस्सल, अशी एक समजूत घरोघरी आहे. ज्याला दुकानदार तीनशेचार म्हणतात त्या स्टीलमध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते, आणि त्याला चुंबक साधारणपणे चिकटत नाही, एवढे खरे. पण निकेल वाचवून त्याऐवजी मँगनीज घातलेले दोनशेच्या मालिकेतले स्वस्त स्टील, ज्यात बाजारातले जे-फोर येते, त्यालाही चुंबक चिकटत नाही. खाऱ्या हवेत आणि लोणच्याच्या बरणीत हे दुसरे स्टील लवकर डागाळते. उलट सुरीच्या पात्याला जे कठीण होणारे स्टेनलेस लागते त्याला चुंबक चिकटतेच. तेच त्याचे लक्षण आहे. म्हणजे चुंबक घेऊन बाजारात गेलेली जागरूक गृहिणी जे-फोरची कढई पास करील आणि नेमकी चांगली सुरी नापास करील. ती अडाणी आहे असे नाही. एवढ्याशा साधनाने जे कळूच शकत नाही ते कळून घेण्याची जबाबदारी आपण तिच्यावर टाकली आहे. पकडीच्या मुठीचेही तेच. लाल-पिवळे प्लास्टिक दिसले की विजेच्या कामाला चालेल असे सर्वजण धरून चालतात. खऱ्या विद्युतरोधक पकडीवर दोन त्रिकोणांची खूण आणि 1000 व्होल्टचा आकडा असतो, आणि तसा आकडा लिहायचा तर ती पकड त्याहून कितीतरी जास्त दाबाखाली तपासलेली असावी लागते. खूण नसलेले प्लास्टिक केवळ हाताला मऊ लागावे म्हणून बसवलेले असू शकते. हा फरक दुकानात कोण सांगतो?

‘लोकांना स्वस्तच हवे असते’ हे वाक्य व्यापारी फार ठामपणे बोलतात, आणि त्यांच्या गल्ल्याकडे पाहिले तर ते खोटेही वाटत नाही. पण याच लोकांचा मोटारसायकल घेतानाचा व्यवहार पाहा. हप्त्यांवर का होईना, ते सर्वांत स्वस्त गाडी घेत नाहीत. टिकणारी, मायलेज देणारी, भाग मिळणारी घेतात, कारण तिथे कंपनी कळते, मॉडेल कळते, शेजाऱ्याचा पाच वर्षांचा अनुभव कळतो. जिथे गुण कळतो तिथे माणूस गुणाचे पैसे मोजतो. जिथे शंभराची आणि तीनशेची पकड दिसायला सारखी आणि दोहोंबद्दल खात्रीचा शब्द शून्य, तिथे शंभराची घेणे हा शहाणपणाच आहे. तीनशे देऊनही शंभराचाच माल हाती आला तर नुकसान तिप्पट. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली एका लेखात जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल हेच दाखवून दिले. विकणाऱ्याला मालाचा गुण ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, असे असले की घेणारा सरासरी किंमतच देऊ करतो. त्या किमतीत चांगला माल विकणे परवडत नाही म्हणून चांगला माल बाजारातून निघून जातो. मग सरासरी आणखी खाली येते, आणि शेवटी वाईट मालच उरतो. तो लेख सुरुवातीला नियतकालिकांनी नाकारला होता. पुढे 2001 साली अकरलॉफना त्याच विचारासाठी नोबेल मिळाले. आपल्या हत्यारांच्या दुकानात जाऊन पाहिले तर त्यांचे समीकरण खिळ्यावर टांगलेले दिसते. यात प्रामाणिक दुकानदाराचाही बळी जातो. त्याने चांगला माल ठेवला तरी तो चांगला आहे हे दाखवायला त्याच्या हातात शपथेखेरीज काही नसते.

पालघर जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. शहरी घरात पकड मोडली की चिडचिड होते. जव्हार-मोखाड्याच्या मजुराचा टिकाव मोडला की मजुरी जाते. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा 1977 साली केला, देशाने पुढे तो उचलला, आणि त्या हमीच्या मातीकामात पैसे मिळतात ते खणलेली माती मोजून. 2025-26 साठी महाराष्ट्राचा दर दिवसाला 312 रुपये होता. पण तो पुरा हातात पडायला ठरलेले माप भरावे लागते. फावड्याचे पाते पहिल्याच मुरमात दुमडले, दांड्यातून निसटू लागले, की माप भरत नाही. दोन दिवसांत मिळून अर्ध्या दिवसाचे काम जरी मागे पडले, तरी दीडशे रुपये गेले, म्हणजे फावड्यावर जे काय वाचवले त्याहून जास्त. भाताच्या कापणीत, गवताच्या कापणीत, वीटभट्टीवर, बोईसरच्या नाक्यावर उभ्या राहणाऱ्या गवंडी-बिगाऱ्यांच्या कामात हाच हिशेब लागू पडतो. गरिबाला वाईट हत्यार घेणे परवडत नाही असे आपण सहज म्हणून जातो, पण त्या क्षणी त्याच्या खिशात वाईट हत्याराइतकेच पैसे असतात, हेही खरे आहे. त्याच्याकडे चुकायला जागा नसते. ज्याला चुकायला जागा नाही त्याला सर्वांत कमी माहिती देणारा बाजार हा नुसता गैरसोयीचा नाही, अन्यायाचा आहे.

या चर्चेत दोन खलनायक नेहमी पुढे आणले जातात. एक म्हणजे मुद्दाम लवकर बिघडणाऱ्या वस्तू बनवणाऱ्या कंपन्या. विजेचे दिवे हजार तासांवर टिकू नयेत म्हणून 1924 साली जिनिव्हात जमलेल्या कारखानदारांच्या संघाची गोष्ट यासाठी वारंवार सांगितली जाते. ती खरी आहे, पण इथे गैरलागू आहे. गिऱ्हाइकाने पुन्हा आपल्याकडेच यावे म्हणून जो वस्तू मोडकी बनवतो त्याला निदान आपले नाव तरी लक्षात राहायला हवे असते. निनावी विळी बनवणाऱ्याला तुम्ही परत याल की नाही याच्याशी कर्तव्यच नाही. त्याच्या लेखी कट करण्याइतकेही तुमचे महत्त्व नाही. दुसरा खलनायक म्हणजे चीन. चिनी माल म्हटले की आपली मान आपोआप नकारार्थी हलते. पण जगातल्या नामांकित कंपन्यांची उत्तम हत्यारेही चीनमध्येच बनतात; तिथला कारखाना सांगाल त्या किमतीचा माल देतो. आपल्याकडेही जालंधर आणि लुधियाना इथून अमेरिका-युरोपला पाने, पकडी, हातोड्या जातात, आणि तिथले ग्राहक त्या बिनतक्रार वापरतात. नाशिकच्या सातपूरमध्ये टपारिया कंपनीने स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने 1969 साली हातहत्यारे बनवायला घेतली, ती आजही मेकॅनिकांच्या पेटीत दिसतात. या देशाला पोलादाला पाणी देता येत नाही असे कोणी म्हणू नये. ज्याच्याकडून दाखला मागितला जातो तो चांगले बनवतो, मग तो कुठल्याही देशातला असो.

मग पूर्वी बरे होते का? गावच्या लोहाराची आठवण या विषयात हमखास निघते आणि तिच्यात तथ्यही आहे. ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्यातून घडवलेला कोयता वर्षानुवर्षे चालतो, कारण पाट्याचे पोलाद मुळातच कसाचे असते आणि लोहाराला त्याचा स्वभाव ठाऊक असतो. धामणीचा किंवा बांबूचा दांडा झिजला की वेगळा बसवता येतो; पाते तेच राहते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कोयता वाईट निघाला तर तो त्याच भट्टीसमोर परत येई, आणि चार माणसांदेखत येई. तिथे लेखी दाखल्याची गरज नव्हती. मात्र एवढ्यावरून बलुतेदारीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ती व्यवस्था जातीने बांधलेली होती, कामाचा मोबदला खळ्यावर ठरे आणि तो ठरवणारा कारागीर नसे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली ‘गावगाडा’ लिहिले तेव्हाच वतनी पद्धतीवर कोरडे ओढले होते. लोहाराचा मुलगा तारापूरच्या कारखान्यात फिटर किंवा वेल्डर झाला याचे दुःख मानायचे मला कारण दिसत नाही. आपल्याला त्या जुन्या व्यवस्थेतून उचलायची आहे ती फक्त एक गोष्ट: वस्तू आणि ती बनवणारा यांच्यामधली न तुटणारी दोरी. पूर्वी ती गावाच्या शिवेमुळे आपोआप टिकत होती. आता हजार किलोमीटरवरून माल येतो, तेव्हा ती कायद्याने आणि छापील अक्षराने बांधावी लागेल.

अशी दोरी आधुनिक उद्योगातही बांधता येते, हे महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वी पाहिले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असे शेतकरी मानत, आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. लाकडी नांगरापुढे तो महाग होता. तरी तो पुढे घरोघरी गेला, कारण एकाच्या शेतात चाललेला नांगर बाकीचे पाहत होते, आणि नाव ठाऊक असल्यामुळे तसाच दुसरा मागता येत होता. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाचेही तसेच. स्वदेशीच्या भावनेने माणूस एकदा कंदील घेतो. दुसऱ्यांदा घेतो तो पहिला विझला नाही म्हणून. महाग वस्तू गरीब शेतकऱ्याने घेतली, याचा पुरावा हवा असेल तर तो इथे आहे. त्याला फक्त वस्तूचे नाव हवे होते, आणि नावामागे माणूस.

कायदा आज काय देतो? बरेच काही देतो, आणि नेमक्या ठिकाणी कमी पडतो. वैधमापनाच्या 2011 च्या नियमांप्रमाणे बंद पाकिटातल्या वस्तूवर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. पण दोरीला ओवून टांगलेल्या सांडश्या, गोणीतून ओतलेले विळे, ताडपत्रीवर मांडलेले स्क्रूड्रायव्हर हे पाकीटबंद नसतात, म्हणून ते या नियमाच्या हाताला लागत नाहीत. आणि पाकीट असले तरी धातू कोणता हे छापण्याची सक्ती त्या नियमांत नाही. बिस्किटाच्या पुड्यावर मीठ किती ते कळते, कुऱ्हाडीवर कार्बन किती ते कळत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दोषाची व्याख्या आहे: कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याच्या दाव्याने जो दर्जा असायला हवा त्यात उणीव. मेख इथेच आहे. ज्या वस्तूबद्दल कोणी कसला दावाच केला नाही, जिला सक्तीचे मानक नाही, तिच्यातला दोष सिद्ध करायचा कसा? दुकानदार म्हणतो, मी कुठे म्हटले होते हे पोलाद आहे? तरीही कायदा अगदीच निरुपयोगी आहे असे नाही. बिल न देणे ही त्याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणे हीही. त्यामुळे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही गल्ल्यामागची पाटी वाटते तितकी भक्कम नाही. आणि वस्तूमुळे इजा झाली, आणि उत्पादक कोण हे कळतच नसेल, तर विक्रेता जबाबदार धरला जाऊ शकतो. निनावी माल विकणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचून घ्यावे.

पुढची पायरी फार मोठी नाही. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक हत्यारावर, पाकिटावर नव्हे, थेट धातूवर, तीन गोष्टी ठोकलेल्या असाव्यात: बनवणाऱ्याची खूण, धातूची जात आणि धारेचा किंवा तोंडाचा कठीणपणा. बस. दर्जा किती असावा हे सरकारने ठरवू नये असे मी म्हणतो. जो आहे तो खरा लिहिला जावा एवढेच सरकारने पाहावे. नरम लोखंडाचा कोयता विकायचा तर विका, पण त्यावर तसे लिहा. हे अव्यवहार्य वाटत असेल तर सोन्याकडे पाहा. हॉलमार्किंग 2000 साली ऐच्छिक म्हणून आले, 16 जून 2021 पासून 256 जिल्ह्यांत सक्तीचे झाले, आणि प्रत्येक दागिन्याला सहा अक्षर-अंकांचा वेगळा क्रमांक द्यायचे ठरले तेव्हा सराफांनी त्या ऑगस्टमध्ये लाक्षणिक बंदही पाळला. वेळ लागेल, खर्च वाढेल, लहान सराफ मरतील, असे तेव्हा सांगितले गेले. 1 एप्रिल 2023 पासून तो क्रमांक नसलेला दागिना विकता येत नाही, आणि सराफ बाजार चालू आहे. कानातल्या रिंगेवर जे अक्षर कोरता येते ते फावड्यावर नक्कीच मावेल.

सर्वांत वजनदार आक्षेप लहान कारखानदारांचा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. राजस्थानातल्या नागौरमध्ये लोहार कुटुंबे पिढ्यानपिढ्या पकडी, हातोड्या बनवतात. आपल्याकडे गल्लोगल्ली विळ्या-अडकित्ते करणारे आहेत. केंद्राने गेल्या काही वर्षांत गुणवत्ता नियंत्रण आदेशांचा सपाटा लावला. प्रेशर कुकर झाला, 2024 मध्ये स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठी आयएसआय चिन्हाची सक्ती करणारा आदेश निघाला. परवाना, स्वतःची प्रयोगशाळा, तपासणीची फी, हे मोठ्या कंपनीला पेलते आणि दोन खोल्यांतल्या कारखान्याला चिरडते, ही तक्रार रास्त आहे. म्हणूनच मी आयएसआय सक्तीचा मार्ग इथे सुचवत नाही. खूण ठोकायला लागतो एक ठसा. धातूची जात कळते ती जिथून पाटा आणला त्या गिरणीच्या दाखल्यावरून, तो मागितला पाहिजे एवढेच. कठीणपणा मोजण्याचे यंत्र एका वसाहतीत एक सामाईक असले तरी पुरते. त्या चाचणीत हत्यारावर टाचणीच्या डोक्याहून लहान खाच पडते आणि काम मिनिटात होते. उलट आजच्या निनावी बाजारात सर्वाधिक मार खातो तो चांगले काम करणारा लहान कारागीरच. मोठ्या कंपनीकडे जाहिरात आहे. त्याच्याकडे फक्त काम आहे, आणि काम दिसत नाही.

दुसरा आक्षेप असा, की वर्षातून दोनदा भिंतीवर खिळा ठोकणाऱ्या घराला उत्तम पोलादाची हातोडी हवी कशाला? नको. त्याला साधी चालेल, आणि ती साधी म्हणून स्वस्तात मिळावी. माझी तक्रार साध्या वस्तूबद्दल नाहीच. साध्या वस्तूने भारीचा वेश घेण्याबद्दल आहे. तिसरा आक्षेप, की असले बारीक आकडे वाचतो कोण? सगळे वाचणार नाहीत. पण आळीतला एक सुतार, एक फिटर, एक वायरमन वाचील आणि बाकीचे त्याला विचारतील. बोईसर परिसरात अशी माणसे जितकी आहेत तितकी महाराष्ट्रात थोड्याच ठिकाणी असतील. आयटीआयमध्ये फिटरचे काम शिकणारा मुलगा पहिल्या महिन्यांत कानस चालवायला शिकतो, आणि कानस हीच पोलादाची सर्वांत जुनी परीक्षा आहे: नरम धातूत ती रुतते, कठीण धातूवरून घसरते. चिंचणी-डहाणूकडे दागिन्यांचे साचे कोरणारे डायमेकर आहेत, त्यांच्या बोटांना पोलादाचा कस कळतो. ज्ञान या भागात भरपूर आहे. ते कारखान्याच्या फाटकाआड अडकले आहे.

म्हणून शेवटचे मागणे दिल्लीकडे नाही, इथल्याच लोकांकडे आहे. तारापूरच्या उद्योजकांच्या संघटनेने आपल्या सभासदांपैकी एकदोघांच्या प्रयोगशाळा महिन्यातून एक दिवस बोईसर-पालघरच्या दुकानदारांना खुल्या कराव्यात. आणतील त्या हत्याराचा कठीणपणा मोजून द्यावा, आणि निकाल दुकानदाराने वस्तूजवळ लावावा. जो लावणार नाही त्याच्याबद्दल गिऱ्हाईक आपोआप काय ते समजेल. आणि वाचकहो, पुढच्या वेळी विळी किंवा पकड घ्याल तेव्हा बिल मागा, त्यावर वस्तूचा धातू आणि बनवणाऱ्याचे नाव दुकानदाराच्या हस्ताक्षरात लिहून घ्या. त्याने लिहिले की तो दावा झाला, आणि दावा खोटा ठरला तर तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करायला फी लागत नाही.